पाण्यावर जाण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, हिंगोली जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर बोट फिरवा. तुम्हांला समुद्र कोठेच सापडणार नाही. तो येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. पाणी मात्र सापडेल. हिंगोली शहराजवळून कयाधू नदी वाहते. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर धरण आहे. पावसाळ्यानंतर या धरणांमागे पाणी इतके पसरते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. त्या पाण्यावर होड्या चालतात, जाळी टाकली जातात.

उद्या तुमची शाळा सहलीला जाईल. एखाद्या धरणावर किंवा मुंबईच्या बंदरात तुम्ही बोटीत बसाल. तुमच्यापैकी कोणी नौदलात जाईल, कोणी जहाजावर नोकरी करील. तेव्हा एक प्रश्न प्रत्येकाला पडला पाहिजे. बोटीतून पाण्यात पडू नये, आणि पडलोच तर जीव वाचावा, म्हणून बरोबर काय घ्यावे? ते कसे निवडावे? या पाठात आपण हेच समजून घेणार आहोत.

आधी थोडी शब्दांची गंमत पाहू. उर्दूत तुम्ही नदीला ‘दरिया’ म्हणता. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. समुद्रावर फिरणारा तो ‘दर्यावर्दी’. उर्दूतला ‘नाखुदा’ आमच्या कोळीवाड्यात ‘नाखवा’ झाला. ‘खलाशी’, ‘जहाज’ आणि ‘तुफान’ हे शब्द तर दोन्ही घरचे आहेत. मराठीत ‘बंदर’ म्हणजे जहाजे लागण्याची जागा; झाडावर उड्या मारणाऱ्याला मात्र आम्ही ‘माकड’ म्हणतो! जे शब्द दोन्ही भाषांत इतके मिसळले, ते व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनीही किनाऱ्याकिनाऱ्याने वाहून आणले.

सिंदबाद जहाजीच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्याचे जहाज फुटते, तो पाण्यात पडतो. पण हाताशी एखादी फळी येते आणि तो तरतो. ती गोष्ट आहे, म्हणून फळी वेळेवर येते. खऱ्या पाण्यात फळी आपली वाट पाहत थांबत नाही. ती आपल्याला बरोबर न्यावी लागते. आजच्या काळातली ती फळी म्हणजे जीवरक्षक जाकीट. इंग्रजी नावाने त्याला सगळे ‘लाइफ जॅकेट’ म्हणतात.

आपल्या खेड्यांना ही कल्पना नवी नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा बांधतात. वडील किंवा मोठा भाऊ वर उभा असतो. मुलगा उडी मारतो, हातपाय हलवतो आणि भोपळा त्याला वर धरून ठेवतो. भोपळ्यात हवा असते. हवा पाण्यापेक्षा फार हलकी असते. भोपळा जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्याला वर ढकलतो. आर्किमिडीजचा हा नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला आहात.

मग भोपळा पाठीला बांधून होडीत बसले तर चालेल का? नाही. का नाही, हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

एक लांबट बटाटा घ्या. हा आपला माणूस. त्याच्या वरच्या टोकाला, एका बाजूला पेनाने दोन डोळे आणि तोंड काढा. म्हणजे त्याला पोट आणि पाठ अशा दोन बाजू झाल्या. बादलीत टाकून पाहा, तो बुडेल. आता काड्यापेटीएवढा थर्माकोलचा तुकडा त्याच्या पाठीला दोऱ्याने घट्ट बांधा आणि पुन्हा पाण्यात सोडा. बटाटा तरंगेल, पण थर्माकोल वर, पाठ वर आणि डोळे पाण्याकडे! आता तोच तुकडा सोडून छातीकडे बांधा. या वेळी तोंड आकाशाकडे राहील. शेवटी तो तुकडा सरकवून पायाकडच्या टोकाला बांधा. बटाट्याचे डोके खाली जाईल आणि पाय वर येतील.

म्हणजे नुसते तरंगणे पुरेसे नाही. तोंड पाण्याबाहेर राहिले पाहिजे. विहिरीतला मुलगा शुद्धीवर असतो. तो पोटावर पोहत असतो आणि मान वर उचलतो. त्याला पाठीवरचा भोपळा चालतो. पण होडीतून पडताना काठावर डोके आपटले, किंवा दमून हातपाय गळाले, तर तोच भोपळा माणसाला पालथा धरून ठेवील. चांगल्या जाकिटात तरंगणारा भाग मुख्यतः छातीवर आणि मानेमागे असतो. त्यामुळे माणूस उताणा होतो आणि मान टेकायला उशी मिळते. पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : जाकिटात हवा किंवा फोम किती आहे एवढेच पाहू नका, तो कोठे आहे हेही पाहा.

आता ‘किती’ हा प्रश्न घेऊ. पाण्यात आपले शरीर फार हलके होते. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी मोठ्या माणसालाही साधारण पाच किलोच्या आसपास आधार पुरतो. जाकिटावर हा आधार न्यूटनमध्ये छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलोचा आधार, असे सोपे गणित करा. जाकिटांचे चार मुख्य प्रकार आहेत.

५० न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्यासाठी असते. काठ जवळ असावा, मदत जवळ असावी, तरच ते पुरते. ते माणसाला आधार देते. पण बेशुद्ध माणसाला उताणा करीलच असे नाही. १०० न्यूटनचे जाकीट शांत, आडोशाच्या पाण्यासाठी असते. १५० न्यूटनचे जाकीट खुल्या समुद्रासाठी असते. तेथे लाटा तोंडावर येतात, म्हणून तोंड अधिक उंच राहावे लागते. २७५ न्यूटनचे जाकीट ज्यांच्या अंगावर जड कपडे आणि अवजारे असतात, अशा खोल समुद्रातल्या कामगारांसाठी असते. हे आकडे मोठ्या माणसांसाठी आहेत. मुलांची जाकिटे त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळी बनवतात.

जाकीट फोमचे असते किंवा हवा भरणारे असते. फोमचे जाकीट जाड आणि थोडे अवघडल्यासारखे वाटणारे असते. पण त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. घातले की ते तयार. हवा भरणारे जाकीट पट्ट्यासारखे सडपातळ असते. त्यात वायूची छोटी नळकांडी असते. दोरी ओढली, किंवा काही प्रकारांत पाणी लागले, की ते क्षणात फुगते. काम करणाऱ्या खलाशाला ते सोयीचे असते. पण नळकांडी गंजली किंवा आधीच वापरलेली असली, तर ते नुसता कापडी पट्टा राहते. त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. म्हणून शाळेच्या सहलीसाठी, धरणावरच्या होडीसाठी आणि लहान मुलांसाठी फोमचे जाकीटच बरे.

जाकीट हातात आले की घाईने डोक्यातून घालू नका. आधी त्याची तपासणी करा. कापड फाटले आहे का? शिवण उसवली आहे का? फोम दाबून पाहा. तो परत वर येतो, की दबूनच राहतो? बकल लागते का? पट्टे पूर्ण आहेत का? आतल्या चिठ्ठीवर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते आहे हे लिहिलेले असते, ते वाचा. नंतर ते घाला, सर्व पट्टे लावा आणि मित्राला म्हणा, “माझे जाकीट खांद्यांजवळ धरून वर ओढ.” जाकीट हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आले, तर ते सैल आहे. पाण्यातही ते असेच वर सरकेल आणि तुम्ही खाली राहाल. पट्टे आवळा; तरीही सरकत असेल तर लहान मापाचे मागा.

मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा एक पट्टा असतो. तो लावायला मुले लाजतात आणि मोठी माणसे कंटाळतात. पण जाकीट वर सरकू न देणारा पट्टा तोच. बटाट्याचा थर्माकोल जागेवरून सरकल्यावर काय झाले, ते आठवा. मुलींनी ओढणी आधी नीट गुंडाळून खोचून घ्यावी. जाकीट नेहमी सर्व कपड्यांच्या वर घालावे. पट्टे कपड्यांत अडकता कामा नयेत.

येथपर्यंत आपण धरणाच्या पाण्याचा विचार केला. आता थोडे मोठ्या पाण्यावर जाऊ. तेथे गेल्यावर एक नवीच गोष्ट कळते. काही वेळा चांगले जाकीटही पुरत नाही.

कमांडर दिलीप दोंदे हे आपल्या नौदलातले मराठी अधिकारी. त्यांनी एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परत आले. त्यांच्या नौकेचे नाव ‘म्हादेई’. ती ५६ फूट लांबीची नौका गोव्यात बांधली गेली आणि तिला गोव्याच्याच नदीचे नाव दिले. या मोहिमेची कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. ते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून दूर, कोरड्या माळरानावर राहणाऱ्या माणसाने हे स्वप्न पाहिले, हे हिंगोलीच्या मुलांनी विसरू नये.

आता विचार करा. नौकेवर एकच माणूस आहे. सुकाणू यंत्राने आपोआप धरलेले आहे. वारा शिडात भरला आहे. अशा वेळी तो माणूस पाण्यात पडला तर? नौका थांबणार नाही. ती त्याला मागे टाकून पुढे जाईल. मागे वळवायला तिच्यावर कोणी नाही. अंगात उत्तम जाकीट असले, तरी ते त्याला फक्त तरंगत ठेवील. न्यायला कोणी येणार नाही. अशा एकट्या दर्यावर्दीचे प्राण पाण्यात पडल्यावर वाचवण्यापेक्षा त्याला पाण्यात पडूच न देणे, हाच खरा उपाय.

नौकेवर चार माणसे असली, तरी काम सोपे होत नाही. शिडाची नौका ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. हा वेग काही फार नाही; सायकल याहून जोरात जाते. पण या वेगाने ती एका सेकंदाला तीन मीटर, म्हणजे एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते. शिडे आवरून नौका वळवायला काही मिनिटे लागतात. तोपर्यंत पडलेल्या माणसाचे डोके लाटांमध्ये नारळाएवढे दिसू लागते. लाट मध्ये आली की तेही दिसत नाही.

म्हणून शिडाच्या नौकेवर खलाशी छातीभोवती एक भक्कम पट्टा बांधतात. त्याला सुरक्षादोर जोडलेला असतो. नौकेच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत डेकवर एक मजबूत पट्टी ताणून बांधलेली असते. सुरक्षादोराची कडी त्या पट्टीत अडकवायची आणि मग पट्टीच्या आधाराने पुढे-मागे जायचे. लाट आली, पाय घसरला, तरी माणूस नौकेशी बांधलेला राहतो.

हा दोर कसा निवडावा? तुम्ही म्हणाल, लांब दोर चांगला, हिंडाफिरायला सोपे. पण येथेच खरी मेख आहे. दोर फार लांब असला, तर माणूस कठड्यावरून बाहेर जातो आणि चालत्या नौकेबरोबर पाण्यातून फरफटत राहतो. नौकेशी बांधलेला असूनही तो बुडू शकतो. म्हणून सुरक्षादोर साधारण दोन मीटरपेक्षा लांब नसतो आणि त्याला सुमारे एक मीटरचा आखूड फाटाही असतो. ज्या ठिकाणी थांबून काम करायचे, तेथे आखूड फाटा वापरतात. डेकवरची पट्टीही शक्यतो काठापासून आत, मध्याकडे बांधतात. आपल्या गोठ्यातले दावे आठवा. गाय शेजारच्या शेतात जाऊ नये असे वाटत असेल, तर दावे किती लांब ठेवायचे हे शेतकऱ्याला बरोबर कळते.

कडीही नीट पाहावी लागते. २०१७ साली जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत, दक्षिणेकडच्या वादळी महासागरात एक अनुभवी खलाशी पाण्यात पडला. त्याच्या अंगात जाकीट होते. सुरक्षादोरही नौकेला अडकवलेला होता. पण दोराची कडी डेकवरच्या लोखंडी खुंटीखाली अडकली, तिच्यावर आडवा ताण आला आणि ती वाकून उघडली. तो खलाशी वाचला नाही. कडी सरळ ओढीला कितीही मजबूत असो; ती आडवी अडकणार नाही अशा जागी लावणे, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

आणि ज्याने दोर लावलाच नाही त्याचे काय? एरिक ताबार्ली हे फ्रान्सचे फार मोठे दर्यावर्दी होते. १९६४ साली त्यांनी एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडण्याची शर्यत जिंकली होती. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. जून १९९८ मध्ये एका रात्री ते आपल्या आवडत्या जुन्या नौकेतून आयरिश समुद्रातून चालले होते. शीड उतरवताना शिडाच्या आडव्या काठीचा त्यांना धक्का बसला आणि ते पाण्यात पडले. त्यांनी सुरक्षादोर लावलेला नव्हता. नौकेवर साथीदार होते, पण अंधारात ते त्यांना सापडले नाहीत. उभे आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसालाही पाण्याने सवलत दिली नाही. “मला पोहता येते,” “मी नेहमी जातो,” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आपल्या नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनीही अलीकडे मोठे धाडस केले. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत आल्या. दोघींपैकी एक झोपली की डेकवर दुसरी एकटीच. तिचा पाय घसरला तर पहिलीला कळायलाही वेळ लागणार. धाडस म्हणजे दोर न बांधणे नव्हे. दोर नीट बांधून आठ महिने समुद्रात राहणे, हे धाडस.

हे वाचून कोणाला वाटेल, मग आपणही धरणावरच्या होडीत स्वतःला दोराने बांधून घ्यावे. थांबा! तसे कधीही करू नका. समुद्रावरच्या मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाला खूप वजन असते. ती कलंडली तरी बहुधा पुन्हा सरळ होते. म्हणून तिच्याशी बांधून घेणे शहाणपणाचे. धरणावरची लहान होडी तशी नसते. ती एकदा उलटली की उलटीच राहते. तिच्याशी बांधलेला माणूस तिच्याखाली अडकेल. समुद्रात जो दोर जीव वाचवतो, तोच येथे जीव घेईल. लहान होडीत जाकीट हवे, दोर नको.

मित्रांनो, या पाठाचे सार येथे आहे. साधन निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी पाण्यात कसा पडेन : घसरून, की होडीच उलटून? पडलो तर मला न्यायला कोण येईल आणि किती वेळात? आणि तोपर्यंत माझे तोंड पाण्याबाहेर कोण ठेवील? या प्रश्नांची उत्तरे जशी बदलतील, तशी साधने बदलतील.

धरणाचे पाणी शांत दिसते, म्हणून ते सोपे असते असे नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक बोट निघाली होती. हा तेथील लोकांचा नेहमीचा रस्ता. अचानक वादळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि बोट उलटली. एकाने पोहून काठ गाठला. सहा जण बुडाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला गुजरातमध्ये वडोदरा येथील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि अनेकांच्या अंगात जाकीट नव्हते. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. ती मुले तुमच्याएवढी किंवा तुमच्याहून लहान होती. सकाळी त्यांच्याही आयांनी डबे भरून दिले असतील.

आपल्याकडे होडीत जाकिटे नसतात असे नाही. पुष्कळदा ती असतात; पण बाकाखाली, दोरीने एकत्र बांधून ठेवलेली! होडी उलटायला काही क्षण लागतात. जाकीट शोधून, सोडवून, पट्टे लावायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पाण्यात पडल्यावर ते घालणे तर फारच कठीण. बाकाखालचे जाकीट म्हणजे घरी कपाटात ठेवलेली छत्री. पाऊस आला की तिचा उपयोग नाही.

पडलेला माणूस सापडावा आणि वर घेता यावा, यासाठीही काही साधने लागतात. जाकीट नारिंगी किंवा पिवळ्या भडक रंगाचे असावे. निळे-हिरवे जाकीट सुंदर दिसते, पण पाण्यात हरवते. त्याला शिट्टी जोडलेली असावी. ओरडून घसा बसतो. शिट्टी दूरवर ऐकू जाते. रात्री जाणाऱ्याच्या जाकिटाला छोटा दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. होडीत टायरसारखे दिसणारे तरंगते कडे आणि त्याला बांधलेला लांब दोर असावा. कोणी पडले तर एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, नजर हलवायची नाही. दुसऱ्याने कडे फेकायचे. काठावर असाल तर स्वतः उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही मिठी मारून खाली नेतो. दोर, काठी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाका आणि मोठ्याने मदतीला हाका मारा.

बसतानाही काळजी घ्या. होडीत उभे राहू नका. फोटो काढण्यासाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. पायांत घसरणाऱ्या चपला नसाव्यात. खलाशी डेकवर चालताना एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून ठेवतात. ही सवय तुम्हीही लावून घ्या. सर्वांत स्वस्त साधन तेच आहे.

आता शेवटचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही धरणाच्या काठावर उभे आहात. होडीत नऊ मित्र चढले आहेत आणि जाकिटे सहाच आहेत. होडीवाला म्हणतो, “बसा हो, पाच मिनिटांचा तर फेरा आहे. इतकी वर्षे होडी चालवतो, काही झाले नाही.” मित्र हसतात, “अरे, घाबरलास काय?” अशा वेळी काय कराल?

उत्तर सोपे आहे, पण ते द्यायला धीर लागतो. “काका, सहाच जण आधी जाऊ द्या. आम्ही पुढच्या फेरीला येतो. आणि मला माझ्या मापाचे जाकीट द्या.” एवढेच म्हणा. आवाज चढवू नका, पण जागचे हलूही नका. मित्र एक दिवस हसतील. जाकीट ओले होईल, कदाचित घामाचा वास येईल, फोटोत तुम्ही थोडे जाड दिसाल. पण पाणी कोणाची चेष्टा ऐकत नाही आणि कोणाची लाजही पाहत नाही.

पुढच्या फेरीला होडी परत येईल. तेव्हा पट्टे आवळा, बकल लावा, मित्राला खांद्यांजवळ ओढून पाहायला सांगा आणि मग खुशाल पाण्यावर जा. पाणी फार सुंदर आहे. ते पाहून घरी परत येण्यातच त्याची खरी मजा आहे.

स्वाध्याय

१. पाठीला बांधलेला भोपळा आणि जीवरक्षक जाकीट यांत कोणता फरक आहे?
२. सुरक्षादोर फार लांब का नसावा?
३. लहान होडीत स्वतःला दोराने का बांधू नये?
४. जाकीट आपल्या मापाचे आहे की नाही, हे कसे ओळखाल?
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, पाण्याशी किंवा प्रवासाशी संबंधित पाच शब्द शोधून लिहा.
६. बटाट्याचा प्रयोग घरी करा. जे दिसले ते पाच वाक्यांत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.